नावांच्या वड्या

अहो वन्सं, या इकडं. अशा उंबऱ्याशी काय उभ्या राहता परक्यावाणी? बसा जवळ, पाय सैल सोडा, आणि आधी माझी बोलणी खाऊन घ्या. फोन केला की तुमची सून उचलते आणि म्हणते, "मामी, आत्या देवाला गेल्यात." सकाळी केला तरी देवाला, दुपारी केला तरी देवालाच. उदगीरचा कोणता देव हो हा, दोन वर्षं झाली तुम्हाला घरी सोडून नाही राहिला?

तुम्ही इथं नाहीत हे मला कळतं. मी एकटीच बोलून राहिले या रिकाम्या खोलीत, आणि बोललेलं कागदावर उतरवून राहिले. वाचणाऱ्यांना म्हणून सांगते, वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची एकुलती एक बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. उदगीरला कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरी दिलेली. आमचं घर नांदेडला, इतवाऱ्यातल्या एका बोळात, आणि ही खोली म्हणजे आमचा छापखाना. आता नुसता म्हणायला छापखाना. मशीन गेलं, फरशीवर त्याच्या चार पायांचे चार काळे डाग राहिले. कपाट उघडलं की रॉकेलचा आणि शाईचा वास अजून येतो. मी रोज सकाळी येते, कपाट उघडते, वड्या बाहेर काढते, पुसते, परत ठेवते. पाच मिनिटांनी परत काढते. हे म्हणतात, "अगं, बस की एका जागी. वारं शिरलंय का अंगात?" शिरलंय. खोटं कशाला बोलू.

वड्यांचं सांगायचं तर पार मागं जावं लागतं.

मी रेणापूरची. माहेरी मडक्यांचं काम. अंगणात चाक, पण चाकाला पोरीनं हात लावायचा न्हाई. माती तुडव, राख कालव, ओल्या मडक्याला थापटून पोट दे, गेरूची रेघ ओढ, सगळं कर, पण चाकावर बसायचं ते बापानं आणि भावानं. मी लांबून बघायची. चाक फिरायला लागलं की बापाच्या हातातून माती वर उठायची, जशी गाय उठते तशी, आधी मागनं मग पुढनं. माझे हात नुसते शिवशिवायचे. त्या शिवशिवत्या हातांनीच मी लग्न होऊन नांदेडला आले, आणि इथं बघते तर सासरी दुसरं यंत्र. पायानं मारायचं ट्रेडल मशीन. खटक-धप, खटक-धप. पहिले पंधरा दिवस मला झोपेतसुद्धा ते ऐकू यायचं. नंतर असं झालं की ते थांबलं की जाग यायची.

वन्सं, तुम्हाला आठवतात का ते लगीनसराईचे दिवस? चैत्र लागला की दारात चपलांचा ढीग. अर्धापूरचे केळीवाले यायचे, घडातली एक फणी काढून हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "पिकंपर्यंत पत्रिका झाली पायजे." म्हणजे चार दिवसांत! नायगावचे यायचे ते सगळ्या भावकीची नावं घोकत यायचे, आणि पत्रिका छापून झाली की एक चुलता राहिलाच म्हणून परत यायचे. सगळ्या घराला पिवळ्या कागदाचा वास. तुम्ही पत्रिकांच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावायला बसायच्या, आणि चाटून चाटून पाकिटं चिकटवताना म्हणायच्या, "वहिनी, अख्ख्या जिल्ह्याच्या लग्नात माझी थुंकी पोचली बघा."

अक्षरं जुळवायला खाजाभाई होते. शिशाचे खिळे, एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं. लाकडी केसमध्ये खणच खण, क चा वेगळा, का चा वेगळा. खाजाभाईंचा हात न बघता बरोबर त्या खणात जायचा, कोंबडी दाणे टिपते तसा. ओळी जुळल्या की भोवती दोरा आवळून बांधायचा आणि मशीनला लावायचं. हे काम त्यांचं. आणि छापून झालं की दोरा सोडून, ओळ मोडून, एकेक खिळा रॉकेलनं पुसून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. हे काम माझं.

पहिल्या उन्हाळ्यात मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात वाटायला लागलं. कारण मला ठाऊक होतं ना, मी काय मोडतेय ते. चि. सौ. कां. अमकी. त्या पोरीचं नाव असं मोठ्या अक्षरात पहिल्यांदाच छापलेलं, आणि शेवटचंच. आठ दिवसांनी तिकडं तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहायचे, पेढे वाटायचे, आणि हे नाव संपलं. माझंही तसंच संपलं होतं. माझ्या माहेरच्या नावानं मला हाक मारणारे आई-बाप सोडले तर कोण होतं? इकडं पोरगी मांडवात उभी, आणि तिकडं तिचं नाव माझ्या मांडीवर. त्यातलं एक अक्षर या खणात, दुसरं त्या खणात. दुपारच्या शांततेत शिसं लाकडावर पडल्याचा टक-टक आवाज. मला ते सोसवेना.

म्हणून एक दिवस काय केलं, दारच्या कुंडीतली चिकट माती घेतली, लाटून बर्फीच्या वडीएवढी केली, आणि मोडायच्या आधी पोरीच्या नावाची तेवढी ओळ त्यात दाबली. खिळ्यावरचं उलटं अक्षर मातीत सरळ उमटलं. असं खोल, असं स्वच्छ, की मी बोट फिरवत बसले.

खाजाभाईंनी चष्म्यावरून बघितलं. "क्या कर रईं भाभी? मिट्टी लगी तो हरफ खराब होते ना."

"धुऊन देते खाजाभाई."

"धोना बाद की बात. ये बनारे काय को?"

"असंच. नाव राहावं म्हणून."

त्यांनी बोटानं वडी जरा स्वतःकडं सरकवली. मग म्हणाले, "दूल्हे का नक्को?"

"त्याचं कुठं जायलंय? त्याचं राहतंयच की."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून नवरीची ओळ वेगळी काढून, पुसून, माझ्या पाटाशी आणून ठेवायला लागले. नवऱ्याची ओळ मी कधी घेतली नाही. तो माझा नेमच झाला.

वड्या गच्चीवर सावलीत वाळायच्या, तुमच्या आईच्या कुरडयांच्या शेजारी. सासूबाई कावळा हाकलायच्या आणि म्हणायच्या, "कुरडया खातोय की तुझ्या नवऱ्या उचलतोय, बघ गं." पौषात मी त्या पापडाच्या डब्यात भरून एस.टी.नं रेणापूरला न्यायची. संक्रांतीच्या सुगडांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लागायचा तेव्हा भाऊ सुगडांच्या पोटात एकेक वडी ठेवून द्यायचा. "आक्का, खडे चाळलेस का मातीतले?" हा त्याचा दरवर्षीचा प्रश्न. आपल्याकडची माती अशीच, चुनखडीचा कण राहिला तर भाजताना काही बोलत नाही. भाजून आणलं, घरात ठेवलं, पंधरा दिवस गेले, की मग हवेतला ओलावा पिऊन तो कण आतून फुगतो आणि वरचा टवका उडवतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या कितीतरी वड्यांची अक्षरं अशी उडाली. आवा उघडला की वाफाळणारा धुराचा वास, राखेत लाल लाल सुगडं, आणि भाऊ एकेकाला बोटानं टिचकी मारून ऐकायचा. खणखणीत वाजलं की माझ्याकडं बघून मान हलवायचा. बाप गेल्यावर चाक त्याच्याकडं आलं. एकदा म्हणाला, "बस की आक्का चाकावर. कोण बघायलंय आता?" मी बसले नाही. मला वड्यांचीच सवय लागली होती.

वन्सं, आता तुमचं सांगते. ठरलेलं लग्न का मोडलं ते मी इथं लिहीत नाही. मला पुरतं कधी कळलंही नाही, आणि कळलं असतं तरी ते माझं नव्हे. एवढंच लिहिते की घरच्या लेकीची पत्रिका घरच्या मशीनवर छापली होती. खाजाभाईंनी नव्या खिळ्यांतून अक्षरं वेचून काढली होती, तुमचे बाबा स्वतः मशीनचा पायटा मारायला बसले होते, आणि पिवळ्याजर्द गठ्ठ्यांवर तुम्ही हळदीची बोटं पुसत होत्या. आणि मग निरोप आला. त्या संध्याकाळी बाबा मला एवढंच म्हणाले, "मोडून टाक ते."

मी पाटावर बसले. माती ओली होतीच. दोरा सोडायचा, तुमची ओळ वेगळी काढायची, दाबायची, मग मोडायचं, एवढंच काम. पण तो दोरा मला सुटेना. खाजाभाईंनी गाठ जरा जास्तच आवळली होती, की माझ्याच बोटांत बळ नव्हतं, देव जाणे. मी दोन्ही नावांच्या ओळींचा तो बांधलेला ठोकळा उचलला आणि तसाच्या तसा मातीत दाबला. मग दोरा विळीवर कापला.

पत्रिकांचे गठ्ठे कोपऱ्यात पडून होते. त्यांना हात लावायची कुणाची छाती होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी परसात तांब्याच्या बंबातून धूर येताना दिसला. बघते तर तुम्ही पुढ्यात बसून एकेक मूठ पत्रिका आत सारताय. सगळ्या संपेपर्यंत उठला नाहीत. मग त्याच पाण्यानं डोक्यावरून न्हालात, केस पुसत बाहेर आलात आणि मला म्हणालात, "वहिनी, पाणी लई झकास तापलंय. तुम्ही पण घ्या न्हाऊन." त्या दिवशीचा तो वास मला अजून येतो, शिकेकाईचा आणि जळक्या शाईचा. मी न्हाले. खरंच लई तापलं होतं पाणी.

पुढं वर्षभरानं तुमचं उदगीरला झालं. पत्रिका छापल्याच नाहीत, तोंडी निरोप गेले. तुमचं चांगलं झालं. जावईबापू देवमाणूस. म्हणजे तुमच्या खऱ्या लग्नाची ओळ कधी जुळलीच नाही, वन्सं. माझ्याकडं तुमची होती ती ही एकच वडी.

मग दिवस असे गेले. मशीन थकलं, खाजाभाई गेले, पत्रिका मोबाइलवर यायला लागल्या. हे म्हणायचे, "त्या वड्या काय उरावर न्यायच्या?" मी मात्र सुचेल ते करत गेले. वडीवर पातळ कागद ठेवून वरून शाईची पुरचुंडी हलकी हलकी दाबली की काळ्यात पांढरं नाव उठतं, हे मला एका पावसाळ्यात असंच चाळा करता करता सापडलं. मग मी त्या कागदांची बाडं केली. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही. मग तुम्हाला ठाऊकच आहे, लातूरची ती चित्रकलेची बाई आली. तरुण पोरगी, केस कापलेली, पण बोलायला आपल्यातली. वड्या बघून फरशीवरच बसली. "काकू, हे सिरॅमिक आहे, हे प्रिंट आहे, तुम्हाला माहितेय का तुम्ही काय केलंय?" मी म्हटलं, "वड्या." ती म्हणाली, "लोकांनी बघायला पाहिजेत." मला इतकं भरून आलं वन्सं, की मी सगळ्या देऊन टाकल्या. कपाटात होत्या तशा. एकेक बघून दिल्या नाहीत.

लातूरला एका हॉलमध्ये तिनं प्रदर्शन मांडलं, तिथं पहिल्या दिवशी बायका नाव शोधत फिरत होत्या. नायगावची एक म्हातारी नातीला घेऊन आली होती. तिला वाचता येत नव्हतं, नातीनं वडी दाखवली तर तिनं तिच्यावर पदर फिरवला, धूळ असल्यासारखा. "ह्ये मी," म्हणाली, "गळ्यात माळ पडायच्या आधीची." मी तिथंच रडले. आणि डोळे पुसून वर बघते तर दारात तुम्ही. मोरपंखी साडी, शेजारी जावईबापू, मागं सून. मीच तुम्हाला चार फोन करून बोलावलं होतं, नाही का? या, या, मज्जा बघायला या.

सून पुढं पुढं वाचत गेली. एका ठिकाणी थांबली. "आत्या, हे आजोबांचं नाव हाय की! मग हे तुमचंच माहेरचं नाव ना? किती गोड हाय!" आणि मग खालची ओळ. "पण हे खाली दुसरेच कोण?"

सगळ्या हॉलमध्ये नवऱ्याचं नाव असलेली वडी ती एकच होती. जावईबापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. त्यांना लग्नाआधीपासून सगळं ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे. पण सुनेला ठाऊक नव्हतं. तिथं उभ्या असलेल्या पंचवीस जणींना ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चला, गाडी चुकंल." पाण्याच्या भांड्याला हात लावला नाहीत. मी पायऱ्यांपर्यंत धावत आले तर रिक्षा निघाली होती.

आठवड्यानं प्रदर्शन उठलं, वड्या परत कपाटात आल्या, आणि तेव्हाच तुमचा एक फोन आला, तो शेवटचा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं विचारलंत, "वहिनी, सगळ्यांची एक-एक ओळ लावली, माझ्याच दोन कशा लावल्या?"

 दोन वर्षं झाली, मी त्याच्या उत्तरामागं फिरून राहिले या खोलीत. खरं सांगू? मला खालची ओळ दिसतच नव्हती. चाळीस वर्षं ती वडी मी पुसली, मांडली, तिच्यावर बोट फिरवलं, आणि माझा डोळा पहिल्या ओळीवरच थांबायचा. नवरीचंच नाव बघायची इतकी सवय झाली होती मला. मी समजत होते की मी नावं राखून राहिले. तुमचं नाव राखताना तुमची जखम पण भाजून पक्की केली, आणि चारचौघांत टांगली. तुम्हाला न विचारता. बाकीच्या तरी कुणाला विचारलं होतं मी? त्या म्हातारीनं पदर फिरवला म्हणून मला वाटलं, सगळ्याच फिरवतील.

भाऊबीजेला हे पाट मांडून बसतात, दोन वर्षं.  दुपार कलली की स्वतःच पाट उचलून भिंतीला लावतात आणि मला म्हणतात, "चहा टाक." मागच्या भाऊबीजेला ते पाट उचलायला वाकले आणि मला बघवलं नाही. मी इथं आले, तुमची वडी काढली, पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याकडून आणलेला खरबरीत दगड घेतला आणि खालची ओळ घासायला बसले. लाल भुकटी उडायला लागली. हे दारात येऊन उभे राहिले.

"काय घासून राहिली?"

"दुसरी ओळ."

"तिला विचारलंस?"

मी थांबले.

"मागं लावताना विचारलं न्हाई," हे म्हणाले, "आता पुसताना पण विचारायचं न्हाई?" आणि चपला घालून बाहेर गेले. एवढं लांब वाक्य हे वर्षातनं एकदा बोलतात.

तर वन्सं, ती वडी अशी अर्धवट आहे. खालच्या ओळीचं पहिलं अक्षर मी घालवलंय, बाकीची आहेत. तुमच्या ओळीला धक्का नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी सांगून टाकते. ती लातूरची पोरगी सारखा फोन करते, तिला आता सगळ्या वड्या तिच्या शाळेच्या एका भिंतीत कायमच्या बसवायच्यात. मी तिला सांगितलं, थांब बाई. आधी मी जिची तिला विचारते. सहा जणींकडं जाऊन आले. दोघी हो म्हणाल्या. एकीनं वडी मागून घेतली आणि माझ्यासमोर ट्रंकेत कुलूप लावून ठेवली. एकीनं विहिरीत टाकली, टाकून मला जेवायला वाढलं. अशा सगळ्या तऱ्हा. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. पण उदगीरची गाडी मात्र मी तीनदा फलाटावर उभी राहून सोडून दिली.

आणि एक गोष्ट लिहिताना आत्ता ध्यानात आली, हात थांबलाय माझा. इतक्या पोरींची नावं मी जपली, घोकली, पण तुमचं नाव मी जन्मात एकदाही तोंडानं घेतलेलं नाही. भावजयीनं नणंदेला नावानं हाक मारायची नसते ना. माप ओलांडलं त्या दिवसापासून वन्सं, वन्सं आणि वन्सं. उदगीरला तुम्हाला नवं नाव दिलं, आई-बाबा गेले, हे तुम्हाला लहानपणापासून बाळी म्हणतात. मग तुमच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कोण उरलंय हो? मातीत दाबून ठेवणं सोपं होतं. तोंडातून काढायचं राहिलंच.

ते नाव मी या कागदावर लिहीत नाही. हा कागद तुमच्या हाती पोचेपर्यंत दहा जण वाचतील, आणि एकदा केलेली चूक मी परत करायची नाही. ते तुमच्यासमोर, दार लावून, तुम्ही हो म्हणालात तर म्हणेन. नको म्हणालात तर वन्संच म्हणेन, आणि ती वडी तुमच्या हातात देऊन बाजूला होईन. फोडा, न्या, भिंतीत बसू द्या, काहीही करा. मला फक्त तुम्ही केलेलं बघायचंय.

उदगीरहून सकाळच्या गाडीनं निघालात तर जेवणाच्या वेळेला इथं पोचता. जावईबापूंना आणा, सुनेला पण आणा, तिच्यावर माझा राग नाही, पोरीनं लिहिलं होतं तेच वाचलं. यांना मी सांगितलेलं नाही की मी तुम्हाला लिहून राहिले, म्हणून येताना कळवू नका, नुसत्या या. भांडण करायचं असलं तर त्यासाठी या, दोन दिवस राहून नीट भांडा, घाईत नका भांडू. पण लवकर या हो. यांना आता वाकून पाट उचलायला होत नाही.